विश्लेषण : नव्या बस येतील, पण रोज चालवायच्या कुणाच्या पैशाने? छत्रपती संभाजीनगरच्या सिटी बसचे गणित काय?

पुंडलिकनगरातून वाळूजच्या कारखान्यात, घाटी रुग्णालयात किंवा विद्यापीठात रोज जायचे असेल तर ज्याच्याकडे दुचाकी आहे तो दुचाकी काढतो. नसेल तर शेअर रिक्षा शोधतो. सिटी बसचा विचार सहसा शेवटी होतो. कारण एकच, पुढची बस कधी येईल याची खात्री नसते. शहरात मेट्रोची चर्चा झाली, ई-बसच्या घोषणा झाल्या. पण पुंडलिकनगर, हनुमाननगर, जयभवानीनगर अशा आतल्या वसाहतींसाठी खरा प्रश्न वेगळा आहे. बस घेण्यासाठी सरकारी योजनेतून पैसा मिळतो, त्या रोज चालवण्याचा पैसा कुठून येणार?

शहरात सिटी बसची सध्याची व्यवस्था कशी उभी राहिली?

केंद्र सरकारचे स्मार्ट सिटी अभियान जून २०१५ मध्ये सुरू झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये या शहराची त्यात निवड झाली. अभियानासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि तिच्यामार्फत १०० बस खरेदी करण्यात आल्या. २०१९ च्या सुरुवातीला या बस रस्त्यावर आल्या. त्याआधी शहरात एसटी महामंडळ बस चालवत असे. नव्या व्यवस्थेत बस स्मार्ट सिटीच्या, तर चालक-वाहक एसटीचे अशी विभागणी सुरुवातीला होती.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सेवा थांबली. २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्याचाही फटका सिटी बसला बसला. या दोन घटनांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. बस आगारात उभी असली तरी चालक, इंधन, सुटे भाग आणि दरमहा लागणारा पैसा यांची सोय नसेल तर ती प्रवाशाच्या काहीच कामाची नसते.

स्मार्ट सिटी अभियानात केंद्राचा निम्मा आणि राज्य व महापालिकेचा मिळून निम्मा वाटा होता. या अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. शिवाय २०१९ मध्ये आलेल्या बस २०२९ मध्ये दहा वर्षांच्या होतील. म्हणजे जुन्या बस बदलणे आणि नव्या बस वाढवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी समोर येणार आहेत.

शहराला नेमक्या किती बस लागतात?

शहरी वाहतुकीच्या सेवेची पातळी मोजण्यासाठी केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने निकष ठरवून दिले आहेत. एक लाख लोकसंख्येमागे ६० किंवा जास्त बस असतील तर सेवा पहिल्या पातळीची. ४० ते ६० असतील तर दुसऱ्या, २० ते ४० असतील तर तिसऱ्या पातळीची. २० पेक्षा कमी असतील तर चौथी, म्हणजे सर्वांत खालची पातळी.

२०११ च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीतील लोकसंख्या ११ लाख ७५ हजार ११६ होती. १०० बस धरल्या तर लाखामागे साडेआठ बस होतात. चौथ्या पातळीतून फक्त बाहेर पडायचे तरी २३५ बस हव्यात. पहिली पातळी गाठायची तर ७०५. हा हिशेब २०११ च्या लोकसंख्येवरचा आहे. त्यानंतर शहर सातारा-देवळाई, हर्सूल, चिकलठाण्याकडे वाढतच गेले आहे. त्यामुळे आजची गरज याहून मोठी आहे.

बस कमी असल्या की थांब्यावर किती वेळ थांबावे लागते?

हे समजून घेण्यासाठी एक साधे उदाहरण पाहू. समजा, पुंडलिकनगर परिसरातून औद्योगिक वसाहतीकडे जाणारा १५ किलोमीटरचा एक मार्ग आहे. सिग्नल, थांबे आणि गर्दी धरून बसचा सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर आहे. मग एका बाजूच्या प्रवासाला ५० मिनिटे लागतील. शेवटच्या थांब्यावर १० मिनिटे थांबा धरला की एक तास झाला. जाऊन-येऊन पूर्ण फेरी दोन तासांची.

या मार्गावर दर १० मिनिटांनी बस हवी असेल तर १२० मिनिटांच्या फेरीसाठी १२ बस लागतात. दर ३० मिनिटांनी चालेल म्हटले तर ४ बसवर भागते.

आता १०० बसचा ताफा घ्या. देखभाल-दुरुस्तीसाठी १० बस आगारात राहिल्या तर रस्त्यावर ९०. त्या ३० मार्गांवर वाटल्या तर प्रत्येक मार्गाला ३ बस मिळतात आणि दोन बसमधले अंतर ४० मिनिटांचे होते. याउलट दर १० मिनिटांनी बस द्यायची ठरवली तर असे सातच मार्ग चालवता येतात.

केंद्राच्याच निकषांत प्रवाशाला बससाठी सरासरी ४ मिनिटांपर्यंत थांबावे लागत असेल तर सेवा पहिल्या पातळीची मानली जाते. १० मिनिटांहून जास्त थांबावे लागत असेल तर शेवटच्या. ४० मिनिटांनी येणारी बस एखादी चुकली तर पाळी बुडते, तासिका बुडते. त्यामुळे ज्याला परवडते तो कर्ज काढून दुचाकी घेतो. प्रवासी कमी झाले म्हणून फेऱ्या कमी होतात आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून आणखी प्रवासी जातात.

मग सगळ्या वसाहतींत थोडी थोडी बस द्यावी, की मोजक्या मार्गांवर भरपूर?

नियोजनातला हा सर्वांत अवघड निर्णय आहे. प्रत्येक प्रभागातून बसची मागणी येते आणि ती रास्तही असते. पण ताफा तेवढाच ठेवून मार्ग वाढवले की सगळ्यांनाच तुटपुंजी सेवा मिळते.

जगभरात वापरला जाणारा मधला मार्ग म्हणजे मुख्य मार्ग आणि पूरक मार्ग अशी रचना. या शहरात जालना रोड हा नैसर्गिक मुख्य मार्ग आहे. क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको बसस्थानक, मुकुंदवाडी, चिकलठाणा हे सगळे या एका रस्त्यावर येतात. तिथे मोठ्या बस दर काही मिनिटांनी आणि आतल्या वसाहतींतून त्या रस्त्यापर्यंत आणणाऱ्या लहान बस, अशी ही मांडणी असते. पुंडलिकनगरचा विचार केला तर गजानन महाराज मंदिर चौकातून सेव्हन हिलकडे आणि सूतगिरणी चौकाकडे जाणारा रस्ता अशा पूरक मार्गासाठी उपयोगी ठरू शकतो.

या रचनेत प्रवाशाला एकदा बस बदलावी लागते. ती त्याने स्वीकारावी यासाठी दोन अटी आहेत. दुसरी बस लगेच मिळाली पाहिजे आणि दुसरे तिकीट पुन्हा पूर्ण दराने काढावे लागता कामा नये. या अटी पाळल्या नाहीत तर शेअर रिक्षाच बरी वाटते.

ई-बससाठी केंद्राची योजना काय आहे?

१६ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम ई-बस सेवा योजनेला मंजुरी दिली. देशभरात १० हजार ई-बस, अंदाजित खर्च ५७ हजार ६१३ कोटी रुपये आणि त्यात केंद्राचा वाटा २० हजार कोटी रुपये असे तिचे स्वरूप आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येची शहरे तिच्यासाठी पात्र आहेत. छत्रपती संभाजीनगर या गटात येते.

या योजनेत महापालिका बस विकत घेत नाही. खासगी कंपनी बस आणते, चालक नेमते, देखभाल करते आणि तिला धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. तिकिटाचे उत्पन्न महापालिकेकडे किंवा तिच्या परिवहन यंत्रणेकडे जमा होते. बस भरून धावली काय किंवा रिकामी धावली काय, कंपनीला दर द्यावाच लागतो. म्हणजे प्रवासी मिळण्या-न मिळण्याची जोखीम शहराकडे राहते.

केंद्र या दरातील काही भाग उचलते. १२ मीटरच्या बससाठी किलोमीटरमागे २४ रुपये, ९ मीटरच्या बससाठी २२ रुपये आणि ७ मीटरच्या बससाठी २० रुपये. ही मदत दहा वर्षांसाठी आहे.

या मदतीनंतर शहरावर किती भार पडतो?

समजून घेण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. ९ मीटरच्या १०० बस, प्रत्येक बस रोज २०० किलोमीटर. वर्षाचे एकूण ७३ लाख किलोमीटर होतात. कंपनीचा दर किलोमीटरमागे ६० रुपये आणि तिकिटाचे उत्पन्न किलोमीटरमागे २५ रुपये धरले, तर हिशेब असा होतो :

– कंपनीला द्यायची रक्कम : ४३ कोटी ८० लाख रुपये
– तिकिटातून येणारी रक्कम : १८ कोटी २५ लाख रुपये
– केंद्राची मदत : १६ कोटी ६ लाख रुपये
– उरलेली तूट : ९ कोटी ४९ लाख रुपये

वाहक, नियंत्रण कक्ष आणि तिकीट यंत्रांचा खर्च यात धरलेला नाही. दहा वर्षांनी केंद्राची मदत थांबली आणि बाकी आकडे तेच राहिले, तर वर्षाची तूट २५ कोटी ५५ लाखांवर जाते. प्रत्यक्ष निविदेतले दर वेगळे असतील, पण गणिताची रीत हीच राहील.

यातच एक दिलासाही आहे. तिकिटाचे उत्पन्न किलोमीटरमागे फक्त ५ रुपयांनी वाढले तरी वर्षाला ३ कोटी ६५ लाख रुपये जास्त येतात. त्यासाठी तिकीट महाग करण्यापेक्षा बस वेळेवर आणून ती भरणे हा चांगला उपाय आहे. शिवाय भाडेवाढ मनाला येईल तेव्हा करता येत नाही. तिला प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते.

शहराने कंपनीचे पैसे थकवले तर काय?

देशात अनेक ठिकाणी खासगी बसचालकांची बिले थकल्याने सेवा बंद पडल्या आहेत. त्यामुळे कंपन्या निविदा भरताना दर वाढवून लावतात. यावर उपाय म्हणून केंद्राने ११ सप्टेंबर २०२४ रोजी ३ हजार ४३५ कोटी ३३ लाख रुपयांची पेमेंट सुरक्षा योजना मंजूर केली. शहराने पैसे दिले नाहीत तर या निधीतून कंपनीला पैसे मिळतात आणि नंतर ती रक्कम वसूल केली जाते. वसुलीसाठी राज्याच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यातून थेट रक्कम वळती करण्याची तरतूद आहे. थोडक्यात, बिल काही काळ पुढे ढकलता येईल, बुडवता येणार नाही.

महापालिकेला ही तूट का झेपत नाही?

पहिले कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये महापालिकेच्या कामांचे दोन भाग आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामे येतात, उदाहरणार्थ पाणी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे येतात. प्रवासी वाहतुकीची सेवा या ऐच्छिक यादीत आहे. पैशाची ओढाताण झाली की कात्री आधी कुठे लागते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण उत्पन्नाचे. जकात गेली, २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी एलबीटीही गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. आता महापालिकेच्या हाती मुख्यत: मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि राज्याचे अनुदान उरते.

तिसरे कारण शहराच्या तहानेचे. नवी पाणीपुरवठा योजना मंजूर झाली तेव्हा १ हजार ६८० कोटींची होती, पुढे तिचा खर्च २ हजार ७४० कोटींवर गेला. आठवड्यात किती वेळा पाणी येते हा प्रश्न असलेल्या शहरात बससाठी पैसे मागणे राजकीयदृष्ट्या अवघड आहे. त्यातच एप्रिल २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि अनेक वर्षे प्रशासकाकडे कारभार राहिला. सभागृहच नसल्याने आपल्या वसाहतीच्या बसचा प्रश्न मांडायला नागरिकांना निवडून दिलेला माणूस नव्हता.

इतर शहरे पैसा कसा उभा करतात?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा २००७ मध्ये एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी स्थापन झाली. तिची तूट दोन महापालिका ६०:४० या प्रमाणात उचलत आल्या आहेत. तूट तिथेही मोठी आहे, पण ती कोणी भरायची हे ठरलेले आहे.

अमेरिकेत काऊंटी हा आपल्या जिल्ह्यासारखा घटक असतो. लॉस एंजेलिस काऊंटीत नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदान झाले. वाहतूक प्रकल्प आणि सेवेसाठी विक्रीकरात डॉलरमागे अर्धा सेंट वाढ द्यायची का, हा प्रश्न होता. दोनतृतीयांश मतांची अट होती, ती मतदारांनी ओलांडली. या कराला संपण्याची तारीख ठेवलेली नाही, त्यामुळे दीर्घकाळाचे नियोजन करता येते. आपल्याकडे जीएसटीमुळे असा स्थानिक विक्रीकर लावता येत नाही.

फ्रान्सचे उदाहरण या औद्योगिक शहराला जास्त जवळचे आहे. तिथे १९७१ मध्ये पॅरिस परिसरात एक कर सुरू झाला आणि नंतर तो इतर शहरांत गेला. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपन्या पगाराच्या प्रमाणात सार्वजनिक वाहतुकीसाठी रक्कम देतात. त्यामागचा विचार सरळ आहे. कामगार वेळेवर पोहोचला तर फायदा कंपनीचाही आहे.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि ऑरिक असा औद्योगिक पट्टा असलेल्या या शहरात मोठ्या कंपन्या आपल्या कामगारांसाठी स्वत:च्या किंवा कंत्राटी बस चालवतात. लहान कारखान्यातील कंत्राटी कामगाराला मात्र ती सोय मिळतेच असे नाही.

एका कामासाठी वेगळा कर ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर सुरू झाला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या रकमेतून दुष्काळी भागात कामे निघाली. मराठवाड्याने त्याचा उपयोग पाहिलेला आहे.

मेट्रो आली तर प्रश्न सुटेल का?

शेंद्रा ते वाळूज मेट्रोसाठी महामेट्रोने आराखड्याचे काम केले आणि जालना रोडवर दुहेरी उड्डाणपुलाची चर्चा झाली. पण केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात अटी आहेत. शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा हवा, बससह इतर पर्यायांची तुलना करून मेट्रोच का हे दाखवायला हवे आणि प्रकल्पाचा आर्थिक परतावा किमान १४ टक्के हवा. स्थानकाच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंत पूरक वाहतूक देण्याची हमीही द्यावी लागते. म्हणजे मेट्रोसाठीसुद्धा आधी बसचे जाळे लागतेच.

खर्चाचा फरकही मोठा आहे. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा २०१६ मध्ये मंजूर झाला तेव्हा ३१.२५ किलोमीटरसाठी ११ हजार ४२० कोटी रुपये खर्च धरला होता. किलोमीटरमागे साधारण ३६५ कोटी. एका ई-बसची किंमत दीड कोटी धरली तर तेवढ्या पैशात अडीचशेच्या आसपास बस येतात. जालना रोडवर मेट्रो झाली तरी पुंडलिकनगरच्या प्रवाशाला तिथपर्यंत नेणारी बस किंवा रिक्षा लागणारच आहे.

पैसा उभा करण्याचे स्थानिक मार्ग कोणते?

बस आणि थांब्यांवरील जाहिराती, आगाराच्या जागेचा व्यावसायिक वापर, रस्त्यावरील पार्किंगचे शुल्क, वाढीव बांधकाम परवानगीच्या शुल्कातील हिस्सा आणि मोठ्या कंपन्यांबरोबर कामगारांच्या मासिक पासचे करार हे मार्ग आहेत. यातला कोणताही एक मार्ग पुरेसा नाही. म्हणूनच शहरी वाहतुकीसाठी स्वतंत्र निधी ठेवावा, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यात आलेला पैसा दुसऱ्या कामाला वळवता येऊ नये, हा त्यामागचा उद्देश आहे.

२००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी एकत्रित वाहतूक प्राधिकरणाचीही शिफारस केली आहे. इथे त्याची गरज उघड आहे. महापालिका, एमआयडीसी, ऑरिक, महानगर विकास प्राधिकरण, आरटीओ आणि वाहतूक पोलीस यांच्या हद्दी आणि अधिकार वेगळे आहेत. प्रवासी मात्र एकाच प्रवासात या सगळ्या हद्दी ओलांडतो.

सवलतींचा प्रश्नही यातच येतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि त्याची भरपाई राज्य सरकार एसटीला देते. सिटी बसमध्ये तशी सवलत द्यायची तर भरपाई कोण देणार, हे घोषणेआधी ठरवावे लागेल.

नागरिकांनी काय पाहावे?

महापालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी मांडले जाते. ‘अमुक इतक्या नव्या बस येणार’ ही बातमी ठळक होते. त्याबरोबर चार गोष्टी तपासाव्यात. बस चालवण्याच्या तुटीसाठी किती रक्कम ठेवली आहे? मागील वर्षी ठेवलेली रक्कम प्रत्यक्षात दिली गेली का? कोणत्या मार्गावर दर किती मिनिटांनी बस देण्याचे बंधन घातले आहे? केंद्राची मदत थांबल्यानंतरच्या वर्षासाठी आतापासून काय बाजूला काढले जात आहे?

या चार प्रश्नांची उत्तरे अंदाजपत्रकात असतील तर पुंडलिकनगरच्या थांब्यावर दहा मिनिटांत बस येणे अशक्य नाही. नसतील तर नव्या बसचे उद्घाटन होईल, छायाचित्रे येतील आणि दोन-तीन वर्षांत त्या आगारात उभ्या राहतील. तोपर्यंत वसाहतीतून आणखी एक एमएच-२० पाटीची दुचाकी रस्त्यावर आलेली असेल, तीही हप्त्यावर.